जाहिरातीत प्रोसेसरचं अख्खं नाव छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात लॅपटॉपच्या जाहिराती येतात, कधी पाव पान, कधी अर्धं पान, आणि फोटोखाली ठरलेले चार शब्द असतात. आय५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंच. बास. म्हणजे प्रोसेसर (मशीनचा मेंदू), रॅम (चालू कामाची जागा), एसएसडी (साठवणीची डिस्क) आणि स्क्रीन, एवढ्यावर माणसाने ठरवायचं की पुढची पाच-सहा वर्षं रोज कशासमोर डोळे फोडायचे. मी डीटीपीचं काम करते, कंप्युटर इंजिनियर वगैरे काही नाही, पण नात्यात कुणालाही लॅपटॉप घ्यायचा असला की फोन मलाच येतो, "ताई, हा घेऊ का?" आणि सोबत त्या चार शब्दांचा फोटो. दर वेळी मला उलटं सांगावं लागतं की बाबा रे, मॉडेल नंबर पाठव, खालच्या स्टिकरचा फोटो पाठव, ह्याच्यावरून मला काही म्हणजे काही कळत नाहीये. म्हणून हे पत्र. लांबलंय, मला कल्पना आहे. कापायचंच असेल तर बॅटरीचा भाग कापा पण प्रोसेसरचा ठेवा.

तर पहिलं, आय५ हे नाव नाही, ते आडनाव आहे. त्या आडनावाची ढीगभर मंडळी आहेत, एक पहिलवान, एक लेखनिक, आणि एक कधीच रिटायर झालेला. इंटेलच्या १२व्या जनरेशनमधलेच (पिढीतलेच) दोन घ्या, आय७-१२५५यू आणि आय५-१२४५०एच. कुणालाही विचारा, आय७ भारी म्हणणार, आकडा मोठा आहे ना. पण शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, बेस पॉवर १५ वॉट, पातळ हलक्या मशीनसाठी केलेला, त्यात दमदार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) फक्त २ आणि छोटे किफायतशीर ८. एच वाल्याची बेस पॉवर ४५ वॉट, दमदार कोअर ४ आणि छोटे ४. आता व्हिडिओ एक्स्पोर्ट करा, थ्रीडी रेंडर लावा, अर्धा-पाऊण तास मशीनला पिळणारं काहीही करा, बहुतेक वेळा हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं. पण ह्याचा अर्थ यू वाईट असाही नाही हां! ज्याला दिवसभर प्लगपासून लांब बसून लिहायचंय, मेल बघायच्यात, एक्सेल भरायचंय त्याला यू च बरा, एच घेतला तर बॅटरी दुपारी मान टाकते आणि पंखा आपला घोंगावत बसतो. म्हणजे माणसाचं काम काय ह्यावर सगळं आहे आणि त्याचं उत्तर त्या एका अक्षरात आहे, आणि जाहिरातीत नेमकं तेच अक्षर गाळलेलं असतं.

एएमडी ही इंटेलसारखीच प्रोसेसर करणारी दुसरी कंपनी, तिचं तर अजून गमतीशीर. त्यांच्या २०२३ च्या रायझन ७००० सिरीजमधे पहिला आकडा हा वर्षाचा आणि तिसरा आकडा हा आतल्या खऱ्या डिझाईनचा. म्हणजे ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी मुळात २०१९ सालची डिझाईन, आणि कोअर ४. ७५३०यू म्हणजे झेन ३, कोअर ६. ७५४०यू म्हणजे झेन ४. तिघांच्याही नावात रायझन ५ आहे, तिन्ही ७००० सिरीजमधेच मोडतात, त्यामुळे जाहिरातीत "रायझन ५, ७००० सिरीज" एवढंच छापलं तर खोटं कुणीच बोललेलं नसतं, फक्त घेणाऱ्याला तिघांपैकी कोण घरी येणार ते बॉक्स उघडल्यावर कळतं. आणि इंटेलवाल्यांनी २०२३ च्या शेवटापासून नव्या चिप्सच्या नावातला तो आय काढायला सुरुवात केली, त्यामुळे आता कोअर ५ पण आहे आणि कोअर अल्ट्रा ५ पण आहे, आणि लोकांना वाटतं अल्ट्रा म्हणजे नुसता शोभेचा शब्द. तसं नाहीये. कोअर ५ १२०यू हा आधीच्या १३व्या जनरेशनच्याच घराण्यातला आणि कोअर अल्ट्रा ५ १२५यू ही वेगळी नवी डिझाईन. नावात एका शब्दाचा फरक, आत सगळंच वेगळं.

आणि "८ कोअर" असं मोठ्या अक्षरात दिसलं तर जरा थांबा. आय३-एन३०५ मधे खरंच ८ कोअर असतात पण आठही छोटे, दमदार एकही नाही. शाळेच्या मुलाला, ब्राउझिंगला चालून जाईल, मी नको म्हणणार नाही, पण ८ कोअर वाचून कुणी एडिटिंगसाठी घेतला तर रडायची वेळ.

आता माझीच फजिती सांगते. आधीच्या खेपेला मी लॅपटॉप घेतला तेव्हा रॅम ८ जीबी होती आणि मी स्वतःला फार शहाणी समजत होते, म्हटलं आत्ता ८ घेऊ, वर्षाभराने अजून ८ टाकू, तोवर पैसे पण जमतील. विकणाऱ्याला विचारलंही होतं, वाढवता येईल ना? "हो मॅडम, येईल की." वर्षाने रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने खालचे स्क्रू काढले, पत्रा उचलला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू घरातलं कुणी गेलंय. म्हणाला, ताई, इथे स्लॉटच नाही. रॅमच्या चिप्स थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या. वाढवायची म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदला, त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या. आणि गंमत म्हणजे हे स्पेसिफिकेशनच्या कागदावर लिहिलेलं होतं, अगदी खाली, बारीक टायपात, मीच वाचलं नव्हतं. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे बारीक टाइप तपासते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. रॅमच्या नावाची सुरुवात एलपी ने होत असेल, म्हणजे एलपीडीडीआर४एक्स, एलपीडीडीआर५ असं काही, तर ती जवळजवळ नेहमी चिकटवलेली असते, जेवढी आत्ता घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर आशा आहे, पण तरी स्लॉट किती आणि रिकामा किती हे विचारायचंच. दुकानात डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, परफॉर्मन्समधे मेमरीवर जा, तिथे स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असतं, आणि फॉर्म फॅक्टरपुढे सोडिम असेल तर ती काढता येणारी, रो ऑफ चिप्स असेल तर बहुतेक चिकटलेली. विकणाऱ्याशी वाद घालायची गरजच नाही, मशीन स्वतःच सांगतं.

किती घ्यावी म्हणाल तर विंडोज ११ ला अधिकृत मिनिमम ४ जीबी आहे पण मिनिमम म्हणजे जेमतेम श्वास चालू राहील एवढंच. काही न उघडता विंडोज स्वतःच ३-४ जीबी घेऊन बसतं, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर ग्राफिक्सपण त्याच रॅममधून आपला वाटा उचलतं, मग ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हिडिओ कॉल, आणि ८ जीबी कधी संपली कळतपण नाही. संपली की मशीन एसएसडीलाच रॅमसारखं वापरायला लागतं, आणि आपण म्हणतो लॅपटॉप स्लो झाला, व्हायरस आला वाटतं. व्हायरस कसला, जागाच नाही. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी (हे त्यांचं एआयवाल्या लॅपटॉपचं लेबल) म्हणवून घ्यायला १६ जीबीची अट घातली, ॲपलने २०२४ च्या ऑक्टोबरमधे मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली, ह्यावरून काय ते समजा. चिकटवलेली असेल तर १६ च्या खाली मी तरी कुणाला घेऊ देत नाही.

एक अजून, ते कुणीच सांगत नाही. १६ ची एकच पट्टी असणं आणि ८ च्या दोन असणं ह्यात फरक आहे. एक पट्टी म्हणजे एकेरी रस्ता, दोन म्हणजे दुपदरी. साध्या कामात जाणवत नाही पण ग्राफिक्सला जाणवतं. इंटेलच्या ११ ते १३ जनरेशनच्या ज्या चिप्सवर आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिलेलं असतं ना, त्यात एकच पट्टी असेल तर विंडोजमधे ते नुसतं यूएचडी म्हणून दिसतं, जोर पण कमी. चिप तीच, स्टिकर तोच. दुसरी पट्टी टाकली की परत आयरिस होतं. आहे की नाही!

एसएसडीबद्दल फार लिहीत नाही कारण ती बहुतेक मशीनमधे पुढे बदलता येते. फिरणारी हार्ड डिस्क मेन ड्राइव्ह म्हणून आता घेऊच नका, ईएमएमसी लिहिलं असेल तर तीही नको (ती पण बोर्डावर चिकटलेली आणि मंद), एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी) असेल तर डोळे मिटून घ्या. सेकंदाला ३५०० एमबी का ७००० एमबी ह्या वेगाच्या भानगडीत रोजच्या कामाला काडीचा फरक पडत नाही. आणि ५१२ ची डिस्क विंडोजमधे ४७६ दिसते त्यावरून भांडायला जाऊ नका, कुणी ३६ जीबी खाल्लेले नाहीत, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

स्क्रीनवर मात्र मी लिहिणार, कारण तो माझा पोटापाण्याचा विषय. १५.६ इंच, फुल एचडी, हे वाचून काहीच कळत नाही. स्वस्त पॅनलवर ४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पहिलं रंगांचं माप, दुसरं उजेडाचं. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे आपण रोज वेबवर आणि फोटोत जे रंग वापरतो त्या एसआरजीबीतले साधारण ६०-६५ टक्केच ह्या स्क्रीनला दाखवता येतात. बाकीचे रंग फिके, मातकट. तुम्ही कितीही सेटिंग फिरवा, कॅलिब्रेशन करा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. असा स्क्रीन बघून कुणी लाल रंग अजून लाल करत गेला आणि प्रिंट हातात आल्यावर भडक रक्तासारखं झालं, असं मी एकदा नाही चार वेळा निस्तरलंय. फोटो, डिझाईन, कापडाचे नमुने, असलं काहीही बघायचं असेल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय का बघा. आणि २५० निट्स म्हणजे खिडकीशेजारी बसलात की स्क्रीनमधे मजकुराऐवजी आपला चेहरा दिसणार. ३०० च्या खाली जाऊ नये, ४०० असेल तर उत्तम.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी अजून एक बघावं. जुन्या किंवा अगदी स्वस्त मशीनवर १३६६ गुणिले ७६८ चा स्क्रीन अजून सापडतो, १५.६ इंचात तो म्हणजे इंचाला जेमतेम १०० ठिपके. तेवढ्याच आकाराच्या फुल एचडीत १४१ होतात. इंग्रजी मजकूर १०० मधे पण निभावतो, पण आपली जोडाक्षरं, रफार, वर अनुस्वार खाली उकार, हे सगळं एका अक्षराच्या जागेत बसवायचं असतं, बारीक टायपात तो अनुस्वार आहे का स्क्रीनवरची धूळ हेच कळत नाही, आणि प्रूफ तपासणाऱ्याचं डोकं उठतं. शक्य असेल तर १६:१० चा स्क्रीन घ्या, म्हणजे १९२० गुणिले १२००, उभ्यात दोन-चार ओळी जास्त दिसतात, लिहिणाऱ्याला त्याचं सुख वेगळंच. दुकानात डेमो व्हिडिओ चालू असतो तो बंद करायला सांगा, त्यात निळा समुद्र आणि पोपट सगळ्याच स्क्रीनवर छान दिसतात. एक पांढरं पान उघडा, त्यावर बारीक अक्षरात मजकूर आणा, ब्राइटनेस नेहमीइतका करा आणि मग बाजूने, वरून, खालून बघा. मान हलवली की रंग बदलत असतील तर पॅनल कसला आहे ते कागद न वाचताच कळतं.

बाकी खरं तर सुरुवात ह्या सगळ्यापासून करायचीच नसते. माणसं आधी लॅपटॉप बघतात आणि मग त्याच्यावर काय चालेल ते विचारतात, वरातीमागून घोडं. आधी सॉफ्टवेअर ठरवा. कॉलेजला सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर) लागणार असेल तर ते विंडोजवरच चालतं, मॅकबुक कितीही आवडलं तरी. आता स्नॅपड्रॅगनवाले एआरएम चिपचे (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या) विंडोज लॅपटॉप आलेत, बॅटरी खरंच भारी टिकते, बरीचशी जुनी सॉफ्टवेअर पण भाषांतर करून करून चालवतात, पण ड्रायव्हरचं (जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) तसं नाही, त्यांना खास एआरएमचाच ड्रायव्हर लागतो. म्हणजे तुमच्याकडे एखादा जुना स्कॅनर किंवा खास मशीन असेल आणि त्याच्या कंपनीने तो ड्रायव्हर काढलाच नसेल तर ते मशीन शोभेला ठेवा. कामाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साइटवर गरजा लिहिलेल्या असतात, त्यातलं मिनिमम सोडून द्या, रेकमेंडेड वाचा.

ग्राफिक कार्ड ज्याला गेम, थ्रीडी किंवा मोठं व्हिडिओ एडिटिंग करायचंय त्यालाच, बाकीच्यांनी ते वजन आणि उष्णता कशाला वाहायची. ज्यांना हवंय त्यांनी फक्त आरटीएक्स ४०५० एवढं वाचून खूश होऊ नये, लॅपटॉपमधला हा एकच ४०५० कंपनीनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवलेला असू शकतो. माझ्या भाच्याच्या आणि त्याच्या मित्राच्या मशीनवर कार्डाचं नाव सेम, गेम सेम, आणि ह्याचं अडखळतंय नि त्याचं पळतंय. दोघं महिनाभर इंटरनेटला शिव्या देत होते. वॉट विचारा.

बॅटरीत "१० तासांपर्यंत" मधला तो पर्यंत शब्द फार कामाचा आहे. तास सोडा, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) बघा, तो आकडा खालच्या स्टिकरवर किंवा स्पेसिफिकेशनमधे असतोच. हलक्या कामाला मशीन ८ वॉट खातंय असं धरलं तर ४२ वॉट-अवरची बॅटरी पाच तास, ७० ची पावणेनऊ, साधा भागाकार. विमानात परवानगीशिवाय न्यायला १०० वॉट-अवरची मर्यादा असते, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीपण ९९ च्या आसपास थांबते, त्याच्यापुढचा आकडा कुणी सांगत असेल तर तो एमएएच (ते वेगळं माप) सांगतोय. टाइप-सी च्या भोकांचं पण असंच, दिसायला सगळी सारखी, पण एकात फक्त डेटा जातो, दुसऱ्यात चार्जिंग पण होतं, तिसऱ्यातून मॉनिटर पण लागतो. मी पूर्वी एक केबल घेऊन तासभर झटापट केली आणि शेवटी कळलं की ह्या भोकातून चित्र बाहेर येतच नाही. शेजारी बारीक खुणा असतात त्या बघा, नसतील तर मॅन्युअल.

सेकंडहँड घेणाऱ्यांना एवढंच, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या ८व्या जनरेशनपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. "आय७ आहे, एकदम मक्खन" म्हणून कुणी ६व्या जनरेशनचा गळ्यात मारत असेल तर परत आडनाव आणि नावाची गोष्ट आठवा. आणि घ्यायच्या आधी बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, नवी असताना किती धरायची आणि आता किती धरते दोन्ही आकडे येतात, अर्ध्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावात धरा.

आता तुमच्याकडे मागणं. तुमचा पेपर जाहिरातदाराला फोटोचा आकार, फाइल, रंग सगळं ठरवून देतो (मी ह्याच धंद्यात आहे, मला माहितीये), मग लॅपटॉपच्या जाहिरातीत एक जास्तीची ओळ सक्तीची करायला काय हरकत आहे? प्रोसेसरचं शेवटच्या अक्षरासकट अख्खं नाव, रॅम चिकटलेली का स्लॉटमधली, स्क्रीनचे निट्स आणि रंगाचा टक्का, बॅटरी किती वॉट-अवर. आठ पॉइंटात बसते ती ओळ, मी टाइप करून बघितलीये. आणि पुरवणीत ते "घेण्यासारखे दहा लॅपटॉप" येतात त्यात पण निदान मॉडेलचा पूर्ण नंबर द्या, कारण एकाच नावाखाली कंपनी चार प्रकार विकते, लेखात एक असतो आणि दुकानात दुसराच उभा असतो.

हे लिहीत असतानाच मावसबहिणीच्या मुलाचा मेसेज आलाय. जाहिरातीचा फोटो. आय५, ८ जीबी, ५१२ जीबी, १५.६ इंच. तुमच्याच पेपरातली आहे, आजच्या पान ५ वरची. त्याला काय उत्तर देऊ तेवढं कळवा.

आपली,
एक नियमित वाचक